एका श्वासात तीस अंडी

अण्णा,

तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या हाताखाली तीस अंडी हवेत होती. लताबाई दारातून ओरडली, "रंजना, अण्णा गेले गं!" आणि मी तुमच्या मशीनचा दांडा धरून उभी. दांडा सोडला असता तर तीसच्या तीस खाली. म्हणून आधी ट्रे सरळ केला, अंडी त्यात टेकवली, हवा सोडली, सगळी आपापल्या खाचेत नीट बसली का ते पाहिलं आणि मग भिंतीला टेकून रडले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बरोबर केलंस, आधी काम खाली ठेवायचं." आणि मी म्हटलं असतं, "तुम्हाला अजूनही कामाचंच पडलंय का?"

सोळा दिवस झाले. भेटेल तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलतो. माणूस साधा होता, हातात कला होती, कुणाला नाही म्हटलं नाही. आणि मग आवाज थोडा खाली आणून पुढचं वाक्य येतं, "पण ते मशीन तेवढं फसलं." गेली कितीतरी वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे आणि ऐकून गप्प बसते आहे. ते मशीन फसलं नव्हतं, अण्णा. हे मला एकटीला ठाऊक होतं आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आज सांगणार आहे. पण एकदम त्या दिवसावर जायला माझे पाय उचलत नाहीत, म्हणून थोडं मागून येते.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते ट्रॉलीचं चाक बदलायला. देवळाली कॅम्पातल्या लष्कराच्या वर्कशॉपात जन्मभर फिटरकी करून निवृत्त झालेले, अंबडला एका पत्र्याच्या शेडमध्ये लेथ घेऊन बसलेले म्हातारे, एवढंच आमच्या मालकांनी, शेठनी, आम्हाला सांगितलं होतं. तोफांचे भाग घासलेला माणूस अंड्यांच्या खोलीत येतोय म्हटल्यावर आम्ही सहाजणींनी हसून घेतलं. सिन्नरच्या रस्त्यावरची आमची हॅचरी तेव्हा लहान होती. फार्मवरून अंडी यायची, आम्ही ती हातानं उचलून सेटरच्या ट्रेमध्ये भरायचो. सेटर म्हणजे उबेची मोठमोठी कपाटं. त्यात अठरा दिवस, मग हॅचरच्या टोपल्यांत तीन दिवस, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं.

चाक बदलायला अर्धा तास पुष्कळ झाला असता. तुम्ही चार दिवस येत राहिलात. पहिल्याच दिवशी तुम्ही ट्रॉलीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास ठेवलात आणि ती गोदामापासून सेटरपर्यंत ढकलत नेलीत. पाणी जिथे जिथे सांडलं तिथे खडूनं फरशीवर खूण केलीत. मग पुन्हा ग्लास भरला, पुन्हा तोच रस्ता.

"म्हातारं येडं हाय का काय?" लताबाईनं मला विचारलं.

"येडं नाय," मी म्हटलं, "पाण्याला फिरायला नेतंय."

तुम्ही ऐकलंत. तुमचा डावा कान वर्कशॉपातल्या ठोकाठोकीनं गेला होता, पण उजवा नको तेव्हा फार चांगला चालायचा. तुम्ही वळून म्हणालात, "बाई, हे पाणी नाही, तुमची अंडी आहेत. या उंबऱ्यावर ग्लास अर्धा झाला." आम्ही रोज त्या उंबऱ्यावरून ट्रॉल्या खडखडत नेत होतो. अंडी वरून साबूत दिसायची, आणि केसाएवढी चीर आत गेलेली असायची.

ती चीर कशी ओळखायची हे मात्र तुम्ही आमच्याकडून शिकलात. दोन अंडी हातात घेऊन एकमेकांना हलकेच टेकवायची. धड अंड्याचा आवाज घट्ट येतो, चिरलेल्याचा बसका. तुम्हाला आठवडाभर तो फरक कळेना. मी मुद्दाम चांगली दोन अंडी देऊन विचारायचे, "सांगा, यात चिरलेलं कोणतं?" तुम्ही डोळे मिटून, उजवा कान पुढे करून, पुन्हा पुन्हा टेकवून ऐकायचात आणि शेवटी खजील होऊन म्हणायचात, "डावं." आम्ही सगळ्या हसायचो. एवढ्या वयाचा माणूस बारावी नापास पोरीकडून शिकताना लाजत नाही, हे मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं.

मग तुम्हाला मागचा खड्डा दिसला. न उबलेली, फुटलेली, नासलेली अंडी आणि भिजून गोळा झालेले कागदी ट्रे, सगळं त्यात जायचं. वाऱ्याची दिशा फिरली की वस्तीवरून माणसं भांडायला यायची.

"रंजना, हे एवढं रोज?"

"रोजच. हॅचरी म्हटली की खड्डा आलाच."

"कुणी सांगितलं?"

मी चिडले. तुम्ही तिथेच नाकाला रुमाल न लावता उभे राहिलात आणि हिशेब मांडावा तसं बोलत गेलात. चिरलेलं अंडं एकवीस दिवस वीज खातं. त्यातलं पाणी उडून जातं, आत घाण शिरते. एखादं सेटरमध्येच फुटतं आणि शेजारच्या चांगल्यांनाही नासवतं. मग धुवायला पाणी, त्यात औषध, ते काढायला आणखी पाणी, आणि ते सगळं पुन्हा जमिनीत. "हे सगळं एका धक्क्यापायी," तुम्ही म्हणालात. माझ्या डोळ्यासमोर रोज असलेली गोष्ट मला त्या दिवशी दिसली.

तुम्ही उंबरा काढून उतार केलात, ट्रॉलीला रबरी चाकं बसवलीत, कागदी ट्रे बंद करून धुता येणारे प्लास्टिकचे आणायला शेठना भाग पाडलंत. महिन्याभरात खड्डा भरायचा वेग निम्म्यावर आला. शेठ खूश झाले. आम्हाला वाटलं, झालं, आता म्हातारा जाईल. पण तुम्ही एक स्टूल घेऊन आमच्यासमोर येऊन बसलात आणि आमचे हात बघायला लागलात.

किती दिवस बसलात ते मी विसरले. लताबाईचे हात तुम्हाला सगळ्यांत आवडायचे. एका खेपेत दोन्ही हातांत मिळून सहा अंडी, आणि बोलता बोलता, न बघता, प्रत्येक अंड्याचं रुंद टोक वर. अंड्याच्या रुंद टोकात हवेची जागा असते, पिल्लू निघायच्या आधी तिथेच पहिला श्वास घेतं. ते टोक वर राहायलाच हवं, नाहीतर पिल्लू आत उलटं वाढतं. आम्हाला हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. हाताला ते कळायचं, अंडं बोटांत आपोआप फिरायचं. तुम्ही म्हणालात, "हे यंत्रात कसं आणू?" मी म्हटलं, "येणार नाही." तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही.

"हात थकतो, रंजना. संध्याकाळची अंडी सकाळच्यापेक्षा जास्त फुटतात. मी बघितलंय."

"आणि यंत्र थकत नाही?"

"थकतं. पण रुसत नाही."

हे तुमचं उत्तर मला लागायचं, कारण मी रुसायचे. घरी भांडण झालं की माझ्या हातून दोनचार अंडी जास्त फुटायची, आणि तुम्ही तेही टिपून ठेवलं असणार.

ते मशीन तुम्ही कशाकशातून बनवलंत हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटेल. हवा ओढायला भंगारातल्या जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. अंडी धरायच्या वाट्यांसाठी आधी सायकलच्या ट्यूबचं रबर. त्यातून अंडी निसटायची. मग एक दिवस तुम्ही इंदिरानगरातल्या तुमच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात जाऊन बाळाच्या दुधाच्या बाटलीची तीस निपलं मागितलीत. दुकानदारानं तुमच्या घरी काकूंना फोन करून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" ती कापून, उलटी लावून तुम्ही वाट्या केल्यात. काकू हे सांगताना तेव्हाही हसायच्या, आणि परवा तेराव्यालाही हसल्या, आणि मग पदर डोळ्याला लावला.

पहिल्यांदा मशीन लावलंत तो दिवस. तुम्ही फार्मच्या ट्रेवर त्या तीस वाट्यांची चौकट टेकवलीत आणि कळ दाबलीत. एक श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. तुम्ही दांडा वर उचललात आणि तीस अंडी एकदम उठली. एकही हललं नाही. खालचा ट्रे रिकामा, आणि त्याच्यावर वीतभर उंच तीस अंडी शांतपणे लटकलेली. लताबाईचा हात तोंडावर गेला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती घाबरलीही होती. मला मशीनचा राग येत होता आणि डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. इतकं हळुवार काही लोखंडातून होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं, अण्णा. आजही रोज कळ दाबते आणि रोज एक क्षण थांबते.

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट. विसाव्या दिवसाची टोपली हॅचरमध्ये होती. मी तुम्हाला म्हटलं, "तुम्ही यंत्रं ऐकता, आता हे ऐका." तुम्ही गुडघे टेकून उजवा कान टोपलीजवळ नेलात. अंडी सगळी बंद, एकालाही चीर नाही, आणि आतून बारीक चिवचिव. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पुन्हा कान लावलात. "अगं, आत बोलतायत!" मी म्हटलं, "एकमेकांना उठवतायत." तुम्ही बराच वेळ उठलाच नाहीत. उठलात तेव्हा गुडघ्यावरची धूळही झटकली नाहीत.

हे सगळं मी पाहिलेलं होतं. तरीही पुढचं केलं.

मशीन आल्यावर खोलीत एकच बोलणं होतं. तीस अंडी एका वेळी उचलायला दोन बायका पुरतात. आम्ही सहा. लताबाईचा नवरा अंथरुणावर, तिचा एकटीचा हात चालता. ती म्हणायची, "मला काढलं तर मी कुठं जाऊ गं? मला दुसरं काय येतंय?" तुम्हाला विचारायला मी दोनदा आले. दोन्ही वेळा तुम्ही नटबोल्ट आवळत म्हणालात, "होईल सगळं नीट." एवढंच. तुम्ही कधी काही समजावून सांगितलं नाहीत, ही तुमची वाईट खोड होती, आणि गेलात म्हणून मी ती चांगली म्हणणार नाही.

तो दिवस सणानंतरचा होता. फार्मवरची नेहमीची माणसं गावाला गेलेली, अंडी भरणारी माणसं नवी. मशीन लताबाई चालवत होती आणि चौकट ट्रेवर टेकायच्या आधी अंड्यांची टोकं बघायचं काम तुम्ही मला दिलं होतं. पहिला ट्रे समोर आला आणि मला दिसलं. निम्म्याहून जास्त अंड्यांची निमुळती टोकं वर होती. माझा हात आपोआप पुढे गेला, अंडी फिरवायला. आणि मी तो मागे घेतला.

मला वाटलं, जाऊ दे. मशीनला वर-खाली कळत नाही हे शेठना कळू दे. हातांची किंमत कळू दे. लताबाईला जवळचं नीट दिसत नव्हतं, चौकट ट्रेवर टेकली, तो श्वास आला आणि तीस अंडी जशी होती तशीच उचलली गेली. मग दुसरा ट्रे. मग पुढचा. किती जाऊ दिले ते मी मोजले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात मशीन होतं, शेठ होते, लताबाई होती. अंड्यांच्या आत कोण आहे हा विचार मला आला नाही. मी, जिनं तुम्हाला गुडघ्यावर बसवून त्यांचं बोलणं ऐकवलं होतं.

विसाव्या दिवशी त्या टोपल्यांतून आवाज फार कमी आला. एकविसाव्या दिवशी थोडी पिल्लं निघाली, बाकीची अंडी तशीच. शेठचा चेहरा बघवत नव्हता. तुम्ही आलात, टोपली उलटी करून तिच्यावर बसलात आणि न उबलेली अंडी एकेक करून फोडायला लागलात. प्रत्येकात पूर्ण वाढलेलं पिल्लू. ओले पिवळे पंख, मिटलेले डोळे, चोचीवर कवच फोडायचा तो पांढरा दाणाही आलेला. आणि डोकं निमुळत्या टोकाकडे, जिथे हवा नव्हती.

"दार उलट्या बाजूला शोधत राहिली गं ही," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही माझ्याकडे बघून सरळ विचारलंत, "रंजना, टोकं बघितली होतीस ना?"

"बघितली होती, अण्णा. नीट होती."

तुम्ही लगेच मान हलवलीत. "तू बघितलीस म्हणजे नीटच असणार. मग उचलताना मशीननं फिरवली." आणि शेठकडे वळून सगळ्यांच्या समोर म्हणालात, "चूक माझ्या मशीनची. माझी."

मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर ओरडाल, मी उलट ओरडेन, भांडण होईल आणि खरं आपोआप बाहेर पडेल. तुम्ही विश्वास ठेवलात. त्याच्याशी कसं भांडायचं हे मला येत नव्हतं.

त्यानंतरचं मला काकूंकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. तुम्ही मशीन शेडमध्ये परत नेलंत. शुद्ध शाकाहारी घरात, काकूंच्या स्वयंपाकघरात, रोज तीस अंडी उकडायला लागली. प्रत्येकाच्या रुंद टोकावर तुम्ही पेन्सिलीनं टिंब काढायचात आणि मशीननं उचलायचात, ठेवायचात, टिंब वर आहे का बघायचात. पुन्हा उचलायचात. कधी वाट्यांतली हवा कमी करून, कधी वाढवून, कधी चौकट तिरकी धरून. अंडी तडकली की ती कॉलनीत वाटायची आणि नवीन उकडायची. शेजारचे म्हणायचे, अण्णांनी म्हातारपणी धंदा काढला की काय. महिने गेले. एकही अंडं कधी फिरलं नाही. फिरणारच नव्हतं. जी चूक नव्हतीच ती तुम्ही माझ्या एका शब्दावर शोधत बसला होतात.

मी एकदा सांगायला आले होते. शेडच्या दारात उभी राहिले. तुम्ही पाठमोरे बसून टिंबं बघत होतात आणि स्वतःशी काही पुटपुटत होतात. मी म्हटलं, "सापडलं का काही?" तुम्ही म्हणालात, "नाही अजून. पण एक सुचलंय, बस." आणि मला ते उजेडाचं टेबल दाखवलंत. भरलेला ट्रे त्याच्यावर ठेवायचा, खालून दिवा, आणि वरून बघितलं की रुंद टोकातली हवेची टोपी उजळते. एखादं उलटं असेल तर लगेच दिसतं. "मशीननं फिरवलं तरी आता हाताला सापडेल. इथे तुझ्यासारखीच बसायला हवी. तुझ्या डोळ्याखालून काही सुटत नाही," तुम्ही म्हणालात. मी चहा प्यायले आणि परत आले. त्यानंतर मला धीर झालाच नाही.

मशीन परत आलं, टेबलासकट. चालू झालं ते आजपर्यंत चालू आहे. मागचा खड्डा आता एवढासा उरलाय, त्यातली टरफलं वाळवून वस्तीवरचेच शेतकरी खताला नेतात. सेटर धुवायला लागायचं ते पाणीही पूर्वीइतकं लागत नाही. पण असं दुसरं मशीन कुठेच गेलं नाही. आसपासचे पाचसहा लहान हॅचरीवाले तुमच्याकडे मागायला आले होते, परदेशी मशीन ज्यांना कधीच परवडणार नाही असे. तुम्ही प्रत्येकाला एकच सांगितलंत, "दोष सापडला की देईन. तोवर दुसऱ्याच्या पिल्लांवर प्रयोग करणार नाही." ते परत गेले ते "मशीन फसलं" हे वाक्य घेऊन गेले. तुम्ही मात्र दर महिन्याला येऊन वाट्या बदलायचात आणि चौकटीला कान लावून ऐकायचात. माझ्या सुपरवायझर होण्याचे पेढेसुद्धा तुम्ही उभ्या उभ्या, मशीन ऐकत खाल्लेत.

तेराव्याला मी आणि लताबाई इंदिरानगरला आलो. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. शेठ होते, त्यांच्याबरोबर बाकीचे हॅचरीवाले. जेवणं झाल्यावर बोलणं तुमच्यावर आलं आणि एकजण नेहमीसारखा आवाज खाली आणून म्हणाला, "देवमाणूस. त्या मशीनमध्ये तेवढा फसला." सगळ्यांनी माना हलवल्या. वरच्या जिन्यात काकू उभ्या होत्या. त्यांनीही मान हलवली, अण्णा. ते मला सहन झालं नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "मशीन फसलं नव्हतं. तो लॉट मी मारला. अंडी फार्मवरूनच उलटी आली होती. मला दिसली होती. आमची कामं जातील म्हणून मी जाऊ दिली, आणि अण्णांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले."

लताबाईनं माझा हात धरला होता तो सोडून दिला. मग थोड्या वेळानं पुन्हा धरला. काकू जिन्यातून खाली आल्या, माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांगायचं होतंस गं. किती शोधलं त्यांनी." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शेठनी ऑफिसात बोलावलं. माझं सुपरवायझरचं काम काढून घेतलं, तिथे माझी काही तक्रार नाही. पण जाता जाता ते म्हणाले, "तुला माहीत नाही वाटतं. मशीन बसवायच्या आधी अण्णांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, एकही बाई घरी जाणार नाही. नाहीतर मशीन देणारच नव्हते." मी दारातच थांबले. मग आठवलं, खरंच, सहाच्या सहाजणी अजून इथेच आहोत. दोघी मशीनवर, दोघी टेबलावर, दोघी पिल्लांकडे. मी इतकी वर्षं समजत होते, त्या लॉटमुळे शेठ घाबरले म्हणून आम्ही टिकलो.

एका वाक्याचं काम होतं, अण्णा. "कुणी घरी जाणार नाही," एवढं तुम्ही मला सांगितलं असतंत तर माझा हात मागे आला नसता. मी तुमच्यावर रागावले आहे, आणि माझ्याकडेही एकाच वाक्याचं काम होतं, तेही मी केलं नाही. हे भांडण आता मला एकटीलाच करायचं आहे. तोफा घासलेल्या हातांनी तुम्ही निपलं कापलीत, पोरीबाळींकडून शिकलात, न केलेली चूक आपली म्हणून पोटाशी धरलीत आणि ती शोधायला उतारवयातले महिने दिलेत. मी तुमच्याजवळ इतकी वर्षं उभी होते आणि तुमचा अंदाज मला आला नाही. मशीनचं कौतुक मला पहिल्या दिवशी वाटलं. तुमचं वाटायला तुम्हाला जावं लागलं, याची मला लाज वाटते.

काल मालेगावकडून एक गृहस्थ आले. तेराव्याला मागच्या खुर्चीवर होते, लहान हॅचरी आहे, पूर्वी तुमच्याकडून रिकाम्या हातानं परत गेलेल्यांपैकी एक. म्हणाले, "ताई, एकदा चालवून दाखवता?" मी कळ दाबली, दांडा उचलला. ते जवळ आले, वाकून खालून बघितलं, बाजूनं बघितलं. टोपी काढून हातात धरली.

"भारी शे हो," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बनवनारे तर गेले. आता कोनाला सांगू?"

"भाऊ, तुम्हाला उशीर झाला," मी म्हटलं. "तो माझ्यामुळे झाला."

ते चौकटीकडे बघत उभे राहिले. मग खिशातून टेप काढली, तिची एक बाजू माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "माप तरी घेऊ. जरा धरा, ताई."

मी धरली.